बिननावाचे डबे

मी, वच्छला रामहरी ताकभाते, वय एकाहत्तर पूर्ण, धंदा स्वयंपाक, राहणार सोलापूर, दवाखान्याच्या मागची गल्ली, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भुलवणीने नव्हे, तर निव्वळ वैतागून लिहीत आहे. वैतागून केलेलं मृत्युपत्र कायद्याला चालतं का, असं मी अभिमन्यू वकिलांना विचारलं. म्हणाले, चालतं, माणूस शुद्धीत असला की झालं. शुद्धीत मी आहे. गल्लीतल्या डॉ. काव्या बिराजदार यांनी आजचा वार आणि सातचा पाढा विचारून तसा दाखला दिला आहे. पाढा मी पुढे आठचाही म्हणून दाखवला.

वकिलांनी आधी दोन पानं टाइप करून आणली होती. सदरहू, उपरोक्त, मजकूर इसम. वाचून मला कळेना, मरणारी बाई मी की दुसरीच कोणी. ती पानं मी चुलीत घातली असती, पण घरात आता गॅस आहे. म्हणून हे सगळं माझ्या हाताने लिहिलं आहे. वकिलांनी फक्त कायद्यात बसतं की नाही ते पाहावं. अभिमन्यू युवराजच्या वर्गातला, त्याची आई माझ्या माहेरची, वैरागची. समोर त्याला मी अरे-तुरे करते, कागदावर अहो-जाहो लिहिते आहे, त्याने हुरळून जाऊ नये.

हे मृत्युपत्र कशासाठी ते आधीच सांगते. मी पैशाचे डबे करते ते नर्सिंगच्या मुलींचे. त्यातून जे उरतं त्यात रोज सकाळी भाकरी, भाजी, आमटी आणि शेंगाचटणी करून दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसलेल्या माणसांना पाठवते. पेशंटला आत जेवण मिळतं. त्याच्याजवळ बसलेल्या बायकोला, म्हाताऱ्या बापाला कोण विचारतं? हे जेवण मी श्रीखंडाच्या डब्यांत, आइस्क्रीमच्या डब्यांत, लोणच्याच्या बरण्यांत, कॉफीच्या काचेच्या बाटल्यांत भरते. घरात जे रिकामं होईल ते, आणि गल्लीतल्या बायका आणून देतील ते. माझ्यामागे हे डबे जाणार की बंद पडणार, एवढीच मला काळजी आहे. घर आणि बँक हे त्याच्या मागून.

कलम पहिलं, घर.

घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. आमचे मालक गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा जे हातात आलं त्यातून त्यांनी हे घेतलं. "माझं काय खरं न्हाई वच्छला, तुझ्याच नावावर असू दे," म्हणाले, आणि दोन वर्षांत गेले. बोललेलं खरं करायची त्यांना फार हौस. घरात खाली एक खोली, वर पत्र्याची एक खोली आणि गल्लीकडे दार असलेलं स्वयंपाकघर. माझा मुलगा युवराज आणि सून अंकिता माझ्याजवळ राहतात. मुलगी वैजयंती करकंबला दिलेली आहे.

स्वयंपाकघर पाडून तिथे दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी भाड्याच्या खाटा टाकायच्या, असं युवराजच्या मनात आहे. मनात कसलं, त्याने मिस्त्री आणून माप घेतलं. मी भाकरी थापत होते आणि तो मिस्त्री माझ्या पाठीमागून टेप ताणत होता. मी विचारलं, "पाठीला खाट देशील, पोटाला काय देशील रे?" तर म्हणतो, "आई, बाहेर वडापाव मिळतो की." नातेवाइकांची सोय, म्हणे!

म्हणून हे संपूर्ण घर मी वैजयंतीला देत आहे. ती ते विकणार हे मला पक्कं ठाऊक आहे. विकू दे. चालवणारं कोणीच नसेल, डबे बंदच पडणार असतील, तर ते माझ्या सहीने पडू देत, मिस्त्रीच्या टेपाने नकोत. ती निदान घर लसणावर तरी घालवणार नाही. लसणाचं पुढे येतं.

कलम दुसरं, युवराज.

युवराजला काही नाही.

कारण खाटांचं नाही, ते जुनं आहे. मालक गेले तेव्हा तो सातवीत होता. स्टीलचे दोन डबे त्याने शाळेत हरवले. तिसरा मी कुठून आणणार? श्रीखंडाच्या डब्यात पोळीभाजी दिली. पोरांनी त्याला "ए श्रीखंड" म्हणायला सुरुवात केली. मग हा तो डबा दप्तरातून बाहेरच काढेना. संध्याकाळी भरलेला डबा तसाच घरी. मी रागावले, रडले, हात जोडले. शेवटी त्याने दुपारी उपाशी राहायची सवय करून घेतली, पण त्या डब्याला हात लावला नाही. इथवर माझी काही तक्रार नाही, पोरवय होतं. पण स्वतःच्या लग्नात, मांडवात, मित्रांच्या घोळक्यात त्याने हसत हसत सांगितलं, "आमची आई इतकी चिकट, की श्रीखंड संपलं तरी डबा सोडत नाही." सगळे हसले. अभिमन्यूही हसला, आता वकील झाला म्हणून काय झालं. मी अक्षता हातात घेऊन तिथेच उभी होते.

चिकट! चिकट असते तर परक्या माणसांसाठी आयुष्यभर भाकरी थापत बसले असते का? हे त्याला कोणी विचारलं नाही, म्हणून मी इथे विचारते. उत्तर द्यायची गरज नाही.

कलम तिसरं, वैजयंती आणि स्टीलचे डबे.

माझं नाव घातलेले स्टीलचे जेवढे डबे होते ते सगळे करकंबला गेले आहेत. दर दिवाळीला वैजयंती येते, चिवडा-लाडू घेऊन जाते आणि डबा तिकडेच राहतो. फोनवर म्हणते, "आई गं, पुढच्या वेळी आणते की!" किती गोड बोलते. तिच्या फडताळात माझं नाव ओळीने मांडलेलं आहे, मी स्वतः पाहून आले. ते डबे तिलाच दिले असं समजावं. नाहीतरी ती ते देणार नव्हतीच.

कलम चौथं, लसूण.

हे कलम लिहिताना कागद दोनदा फाटला, तो जुना म्हणून नव्हे.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून मी वरच्या खोलीत पडून होते. त्या काळात अंकिताने स्वयंपाकघर "आवरलं". ती एका शाळेत शिकवते, तिला सगळं ओळीत लागतं. माझी मांडणी तिच्या डोळ्यांत खुपत होती, एकाला दुसऱ्याचं झाकण, कुठे निळं, कुठे पिवळं. गल्लीत हातगाडीवाला ओरडत आला, "प्लास्टिक, भंगारवर लसूऽण!" आणि ह्या बयेने माझे सगळे डबे, बरण्या, बाटल्या पोत्यात भरून त्याच्या गाडीवर घातल्या. बदल्यात अर्धा किलो लसूण घेतला. तोही बारीक कुड्यांचा, सोलता सोलता जीव जाईल असा.

पट्टी निघाली. मी खाली आले. मांडणी रिकामी आणि पुसलेली. मला वाटलं, डोळाच बिघडला.

"आई, किती मोकळं वाटतंय ना आता?" अंकिता म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली, तेच जास्त झोंबलं.

"डबे कुठायत?"

"ते जुने? दिले. किती घाण झाले होते, हळदीचे डाग होते सगळ्यांना. मी नवीन सेट मागवलाय, बघा तरी."

हळदीचे डाग म्हणे घाण! तो डाग डबा वापरात असल्याची खूण असते. डबा कसा धुवायचा हे ह्या घरात मला एकटीला येतं. आधी कोरडं बेसन लावून तेल ओढून काढायचं, मग कोमट पाणी, मग ऊन, आणि झाकण वेगळं ठेवायचं, कधी लावून ठेवायचं नाही, नाहीतर वास बसतो. गरम आमटी काचेतच, प्लास्टिकमध्ये कधीच नाही. ज्या डब्यात एकदा फिनेल किंवा औषध पडलं तो कायमचा बाद. एवढं सगळं करून जमवलेला संसार लसणावर गेला. तो लसूण मी खाल्ला नाही. कुंडीत लावला, उगवलाही, मेला.

त्या दिवसापासून मी पातळ पिशव्यांत जेवण भरून पाठवते. आमटीच्या पिशव्या फुटायच्या. लोकांना ओतून घ्यायला वाटी नसायची, वॉर्डात सांडायचं, आया ओरडायच्या. मला लाज वाटायची. गल्लीतल्या बायकांनीही डबे आणून द्यायचं थांबवलं, त्यांना वाटलं आता वच्छलाकाकूंकडे नवीन सेट आलाय. अलीकडे पिशव्या फुटल्याचं कानावर येत नाही. सवय झाली असेल लोकांना, माणसाला कशाचीही सवय होते.

आणि तो नवा सेट! पारदर्शक, चारी बाजूंनी कटकट वाजून बंद होणारी झाकणं, एकात एक बसणारे डबे. आला तेव्हा अंकिताने फोटो काढून माहेरी पाठवले. मला म्हणाली, "आई, वापरा ना." मी हात लावला नाही. आता बघते तर फळीवर दिवसेंदिवस कमीच होत चालला आहे. आज दोन, उद्या तीन गायब. बार्शीला आईकडे नेत असणार, दुसरं काय. विचारलं तर म्हणते, "असतील कुठेतरी." शिवाय आजकाल शाळेतही लवकर पळते. जादा तास आहेत म्हणे. घरातलं काम चुकवायला जादा तास बरे सापडतात.

म्हणून अंकितालाही काही नाही.

वकिलांनी ह्या जागी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. ऐकताक्षणी मी ठरवलं, साक्षीदार अंकिताच. तिने हे सगळं ऐकावं, लसणासकट, आणि स्वतःच्या वळणदार मास्तरणीच्या अक्षरात खाली सही करावी. दुसऱ्या साक्षीदार डॉक्टरीणबाई.

कलम पाचवं, स्टीलचा तो एक डबा.

माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, स्टीलचा एक डबा आहे. झाकणावर टिंबाटिंबांनी नाव घातलं आहे, हेमावती. तेवढंच, आडनाव नाही. हा डबा माझा नाही. ह्याची हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नाही, कारण कोणी विचारली नाही.

मालक शेवटचे आजारी होते तेव्हा मी ह्याच दवाखान्यात वऱ्हांड्यात बसून होते. पोरं शेजाऱ्यांकडे. मी दोन दिवस नळाच्या पाण्यावर. मालकांच्या शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडचा एक म्हातारा होता, त्याची सून त्याच्याजवळ. कानडीच बोलायची, मराठी मोडकं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आपला डबा माझ्या मांडीवर ठेवला. "ऊट माडरी," म्हणाली, जेवून घ्या. कडक भाकरी होती, शेंगाचटणी होती, वर तेल घातलेलं. असं जेवण मी परत जेवले नाही.

मी डबा धुतला. आता सांगा, तो परत कसा द्यायचा? आमच्याकडे आलेलं भांडं कोणी रिकामं परत देत नाही. चिमूटभर साखर, एखादा गुळाचा खडा, दोन लिंबं, काहीतरी घालूनच द्यायचं. मला तिथे चिमूटभर साखर कुठून मिळणार होती? मी म्हटलं, उद्या कोणाकडून तरी मागून आणते, मग देते. रात्रीतून तिच्या म्हाताऱ्याला घरी नेलं. सकाळी खाट रिकामी, आणि मी हातात नाव घातलेला डबा घेऊन उभी. चार दिवसांनी मालक गेले. त्यांच्या सामानाबरोबर तो डबाही घरी आला.

इतक्या वर्षांत मी येणाऱ्या-जाणाऱ्या कानडी माणसाला विचारलं. हेमावती नावाच्या बायका तिकडे गल्लोगल्ली आहेत. मला त्या बाईचा राग येतो, खरंच येतो. एवढं चांगलं करायचं होतं तर नाव नसलेल्या भांड्यात करायचं होतं! जेवण त्याच दिवशी पचलं. डबा अजून पचत नाही.

तेव्हाच मी कानाला खडा लावला. अडलेल्या माणसाला नाव घातलेल्या भांड्यात जेवण द्यायचं नाही. ज्याच्याजवळ आज साखरेचा दाणा नाही, त्याच्या डोक्यावर परत करायचं भांडं ठेवायचं नाही. असा डबा द्यायचा, जो तो खुशाल ठेवून घेईल, पाणी प्यायला वापरेल, फेकून देईल, आणि आपल्याला विसरून जाईल. म्हणून श्रीखंडाचे डबे. चिकटपणा नव्हे. कळलं का, युवराज?

कलम सहावं, कल्लप्पा.

कल्लप्पा म्हेत्रे हा दवाखान्याच्या फाटकावर वॉचमन आहे. रोज सकाळी ड्यूटीवर जाताना माझ्या दारातून जेवणाची पिशवी नेतो आणि वॉर्डांत वाटतो. त्याला मालकांची सायकल द्यावी. तो ती रोज वापरतोच, पण संध्याकाळी आणून माझ्या दाराशी लावतो आणि किल्ली खिळ्याला अडकवतो. इतका सरळ माणूस.

कलम सातवं, बाकीचं.

बँकेत जे आहे त्यातून माझं शेवटचं करावं. तेराव्याला पंगत घालू नये, त्याऐवजी त्या दिवशीचे डबे दवाखान्यात जावेत. कशात भरणार, ते ज्याने त्याने बघावं. माझं उखळ आणि तवा वैजयंतीने घराबरोबर विकू नये, कोणा भाकरी करणाऱ्या बाईला द्यावीत.

इथे मृत्युपत्र संपलं होतं.

यापुढचं सही करायला बसलो तेव्हा घडलं. वकील म्हणतात, ते वेगळं लिहा, मी म्हणते, ह्याच्यातच लिहिणार. शाई माझी, कागद माझा.

आज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात वकील, डॉक्टरीणबाई, अंकिता आणि कल्लप्पा जमले. युवराज कामावर गेला होता. कल्लप्पाला मी सायकलीसाठी मुद्दाम थांबवून घेतलं होतं. वकिलांनी पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अंकिता भिंतीला टेकून उभी होती. लसणाचं कलम आलं. ती खाली बघत होती. नव्या सेटचं आलं, बार्शीच्या माहेराचं आलं. हेमावतीचं कलम वाचताना मात्र तिने तोंडाला पदर लावला, ते मी पाहिलं. वाचून झालं. वकिलांनी पेन पुढे केलं. तिने घेतलं आणि वाकली.

"अक्का, ह्ये चुकतंय की," कल्लप्पा म्हणाला.

"तुला काय चुकलं? सायकल मिळाली ना?"

"सायकल ऱ्हाऊ द्या. सूनबाईंचा सेट बार्शीला न्हाई गेला."

"कल्लप्पाकाका, नको," अंकिता म्हणाली.

"का नको? सही करायला लावल्यात तुमाला, आनि मी गप बसू व्हय?" तो माझ्याकडे वळला. "अक्का, तुमच्या पिशव्या फुटायच्या बंद का झाल्या, इचारलं का कुनी? रोज गल्लीच्या तोंडाला सूनबाई मला गाठत्यात. फाटकाजवळ बसून आमटी, भाजी, सगळं त्यांच्या नव्या डब्यांत भरत्यात. मग शाळेत जात्यात. सेट सगळा वॉर्डात गेला. आता शाळेतल्या पोरांच्या वाढदिवसाचे आइस्क्रीमचे डबे आनत्यात."

मी अंकिताकडे पाहिलं. जादा तास!

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय, आई? तुम्ही माझ्याशी लसणाशिवाय दुसरं बोलताच कुठे?"

हे ती बरोबर बोलली, म्हणून मला आणखी राग आला. मी म्हटलं, "आणि तुझ्या त्या कटकट झाकणांवर नाव घातलं असशील, परत करा म्हणून. मास्तरीण ना तू."

तिचा चेहरा पडला.

"घातलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात. चिठ्ठी चिकटवली, नाव, फोन नंबर, कृपया परत करावा. महागाचे होते हो. मग एक दिवस फोन आला. सांगोल्याकडची बाई होती, मायाक्का. नवरा वॉर्डात. मी म्हटलं, फाटकावर काकांकडे द्या. ती म्हणाली, न्हाई, ज्येचा त्येच्या हातात द्यायचा असतो. शाळा कुठे ते विचारत विचारत भर उन्हात चालत आली, आई. नवऱ्याला एकटं टाकून. डबा दिला, मी उघडला तर आत दोन डाळिंबं. म्हणाली, 'मोकळा डबा कसा द्यायचा, बाई?' भावाने गावाकडनं नवऱ्यासाठी पाठवली होती ती. आजाऱ्याच्या तोंडची. मला घेववेना, आणि ती परतही घेईना."

"मग?"

"मग काय. त्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. खोबरेल लावून काढल्या, डिंकाचा डागसुद्धा ठेवला नाही."

डॉक्टरीणबाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. वकील चष्मा पुसत होते. मला जे समजायला मालकांचं मरण लागलं, ते हिने दोन डाळिंबांवर ओळखलं. आणि ही गोष्ट मी घरात एकदा तरी सांगितली असती तर त्या मायाक्काची उन्हातली पायपीट वाचली असती, हेही मला कळलं, पण ते मी तोंडाने म्हटलं नाही.

मी एवढंच विचारलं, "धुतलेल्या डब्याचं झाकण?"

"वेगळं ठेवते."

"बेसन?"

"बेसन कशाला आई, भांड्याचा साबण आहे की."

"बेसनच लावायचं," मी म्हटलं, आणि तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

वकिलांनी विचारलं, "काकू, मग साक्षीदार?"

"ही नाही. ही साक्षीदार झाली तर हिला काही मिळायचं नाही, तूच म्हणालास ना?"

"मग दुसरं कोण? कल्लप्पांना सायकल दिलीय तुम्ही. त्यांनी सही केली तर त्यांची सायकल जाईल."

कल्लप्पा म्हणाला, "अक्का, सायकल मला आत्ताच द्या की. मेल्यावर कशाला?"

बघा, ह्याला म्हणतात डोकं. किल्ली खिळ्यावरून काढून मी त्याच्या हातात दिली. सबब कलम सहावं खोडलं आहे. सायकल आजपासून त्याची. तिची घंटा बिघडलेली आहे, ती माझ्याकडे मागू नये.

सबब कलम पहिलंही बदललं आहे ते असं. खालची खोली युवराजला, वरची वैजयंतीला. गल्लीकडच्या दारासह संपूर्ण स्वयंपाकघर, कलम सातव्यातल्या उखळ-तव्यासकट, माझी सून सौ. अंकिता हिचं एकटीचं. युवराजचा त्यात भिंतीएवढाही हक्क नाही. कोणी मिस्त्री टेप घेऊन आला तर तिने त्याला भाकरी वाढावी आणि टेप ठेवून घ्यावा.

कलम दुसऱ्यातलं "काही नाही" एवढंच रद्द. बाकी मजकूर तसाच राहील आणि युवराजला तो मोठ्याने वाचून दाखवावा.

हेमावतीचा डबा अंकिताकडे राहील. ती बाई किंवा तिच्या घरचं कोणी भेटलंच, तर डबा भरून द्यावा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, वर तेल. नाही भेटलं तर अंकिताने त्यातून रोज स्वतः जेवावं. तिच्या स्वतःच्या दुपारच्या जेवणाला घरात एकही डबा उरलेला नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

लसणाची बाब मी विसरलेले नाही.

वरील सगळं मी लिहिलं, वाचलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. प्रत्येक खोडाखोडीशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

ठिकाण: सोलापूर, माझं स्वयंपाकघर, जे आता हिचं
दिनांक: १२ एप्रिल २०२५

सही: वच्छला रामहरी ताकभाते

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:

साक्षीदार १. डॉ. काव्या बिराजदार

साक्षीदार २. ~~सौ. अंकिता युवराज ताकभाते~~
कल्लप्पा म्हेत्रे

(वर खोडलेलं नाव मीच खोडलं आहे. हिला द्यायचं आहे. व. रा. ता.)